सेकंडहँड गाडीतला सिगारेटचा वास जातो आणि पुन्हा येतो, तेव्हा काय करायचं

फेब्रुवारीत आम्ही सेकंडहँड डिझायर घेतली. 2016ची, पेट्रोल, एकच मालक, कागदपत्रं चोख. बघायला गेलो तेव्हा गाडीत लिंबाच्या परफ्यूमचा घमघमाट होता, डॅशबोर्ड तेल लावल्यासारखा चकचकीत होता आणि सीटवर नवीकोरी रेक्झिनची कव्हरं होती. गाडी फार निगुतीने ठेवली आहे, असंच आम्हाला वाटलं. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या अलीकडे ऊन चढलं म्हणून काचा वर करून एसी लावला, आणि दोन मिनिटांत गाडीभर विझलेल्या सिगारेटचा वास पसरला. सासूबाईंना दमा आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पदर नाकाला लावला, तो साताऱ्यापर्यंत खाली घेतला नाही.

आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही. त्यामुळे हा वास घालवायचाच, असं मी त्याच दिवशी ठरवलं. त्यात पाच महिने गेले, कारण निम्मा वेळ चुकीच्या जागी गेला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी काय काय फसलं ते सांगते. जेलचा परफ्यूम, कापराच्या वड्या, वाटीत कॉफी पावडर, अर्ध्या लिंबावर मीठ, हे सगळं झालं. दोन-तीन दिवस बरं वाटायचं, मग सिगारेट अधिक कापूर असा तिसराच वास यायचा, आणि तो जास्त डोकं उठवायचा. अगरबत्ती तर लावूच नका, तो पुन्हा धूरच. डांबराच्या गोळ्या ठेवायचा सल्लाही मला मिळाला. बंद गाडीत त्यांची वाफ श्वासात जाणं चांगलं नाही, लहान मुलं बसत असतील तर मुळीच नाही. शेवटी एका दुकानात इंटेरियर क्लिनिंग आणि ओझोन (यंत्राने गाडीत ओझोन वायू सोडून वास मारतात ते) मिळून 2200 रुपये दिले. आठ दिवस गाडी छान होती. नवव्या दिवशी दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी उघडली, आणि वास दारातच उभा.

चिकटा हवेत नसतो

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर बसलेला चिकटा आठवा. फोडणीचा धूर कधीच बाहेर गेलेला असतो, तरी पात्याला बोट लावलं की पिवळट चिकट थर लागतो. गाडीत नेमकं हेच झालेलं असतं. सिगारेटचा धूर काचेतून निघून जातो, पण त्यातलं निकोटीन आणि टार छताला, काचांना, सीटच्या कापडाला, सीटबेल्टच्या पट्ट्यांना, एसीच्या आतल्या कॉइलला चिकटतं. वर्षानुवर्षं एकावर एक थर बसतात. गाडी तापली की त्या थरातून वास सुटतो. हवा दमट झाली की पाण्याची वाफ त्या पृष्ठभागांवर जागा धरते आणि तिथे चिकटलेलं बाहेर ढकलते. म्हणजे एप्रिलमध्ये उन्हाने आणि जुलैमध्ये पावसाने तोच वास परत येतो. गाडीत आता कुणी सिगारेट ओढत नाही, याने त्याला काही फरक पडत नाही.

हा नुसता नाकाचा प्रश्न नाही. 2010 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून नायट्रोसामाइन तयार करतं. तंबाखूतली ही द्रव्यं कर्करोगाशी जोडलेली आहेत. सिगारेट ओढणाऱ्याच्या एका गाडीत आतून पुसून घेतलेल्या नमुन्यांतही त्यांना ती सापडली. घरात रांगतं बाळ असेल, सीट चाटायच्या वयाचं, तर परफ्यूमवर भागवू नका. धुण्याचं काम करताना हातात रबरी मोजे घाला, कारण निकोटीन ओल्या कातडीतून अंगात जातं. मोजे न घालता मी पहिला तासभर काम केलं आणि संध्याकाळी डोकं गरगरत होतं. ते उन्हाने की निकोटीनने हे सांगता येणार नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मोजे घातले.

वास कधी येतो त्यावरून तो कुठे आहे ते कळतं

मी जिथे चुकले ते इथे. सगळी गाडी एकदम धुवायला काढण्याआधी चार दिवस नुसतं लक्ष ठेवायला हवं. परफ्यूम काढून टाका, गाडी तशीच वापरा, आणि वास नेमका केव्हा येतो ते लिहून ठेवा.

बंद गाडी उन्हात राहिल्यावर दार उघडताच वास येत असेल, तर तो कापडात आणि छतात आहे. गाडी सकाळी उघडल्यावर वास नाही, पण ब्लोअर सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं येतो आणि मग विरतो, असं असेल तर एसीचा फिल्टर, कूलिंग कॉइल आणि हवेचे मार्ग. पावसात, ओल्या छत्र्या आत आल्यावर वाढत असेल तर सीटचा फोम आणि पायाखालचा गालिचा. एकाच सीटवर बसल्यावर जास्त जाणवत असेल तर त्या बाजूचा सीटबेल्ट, सनव्हायजर आणि दाराचं आतलं कापड. आणि वास ओल्या पायपुसण्यासारखा आंबट असेल तर तो सिगारेटचा नव्हेच, कॉइलवरच्या बुरशीचा आहे. त्यासाठी सीट धुऊन उपयोग नाही.

आमच्याकडे पहिले दोन्ही होते. खात्री करायला मी एक साधी गोष्ट केली. सकाळी गाडी गार असताना, इंजिन सुरू न करता, एकेका वस्तूला नाक लावलं: छत, हेडरेस्ट, पट्टा, गालिचा. मग काचा बंद करून फक्त ब्लोअर चालवला, आधी बाहेरची हवा घेऊन आणि नंतर आतलीच हवा फिरवून. आतली हवा फिरवल्यावर वास दुपटीने वाढला. आपलं नाक पाच मिनिटांत सरावतं, म्हणून हे काम दर वेळी बाहेर मोकळ्या हवेत जाऊन येऊन करायचं, किंवा शेजारच्या कुणाला तरी बोलवायचं. माझ्या कामाला शेजारच्या काकू आल्या. त्यांनी पट्ट्याला नाक लावलं आणि म्हणाल्या, "अगं, हा पट्टा आहे की पानाची टपरी?"

वरून खाली

घाण खाली ओघळते, म्हणून सुरुवात छतापासून. आणि छत हीच जागा सगळे सोडून देतात, कारण ती डोळ्यांसमोर नसते. धूर मात्र आधी वरच जातो.

छताचं कापड पातळ फोमवर आणि तो फोम पुठ्ठ्यासारख्या पाट्यावर गोंदाने चिकटवलेला असतो. पाणी आत मुरलं की गोंद सुटतो आणि कापड पोट सुटल्यासारखं खाली लोंबतं. त्यामुळे छतावर काहीही थेट फवारायचं नाही. कोमट पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट, त्यात पांढरा मायक्रोफायबर कपडा बुडवून घट्ट पिळायचा, एका वेळी वीतभर जागा, एकाच दिशेने, जोर न लावता. ड्रायव्हरच्या डोक्यावरून मी कपडा दुसऱ्यांदा फिरवला आणि उलटून पाहिला, तर त्यावर कोऱ्या चहाच्या रंगाचा पट्टा. शेजारच्या सीटच्या वर तोच कपडा जेमतेम मळला. म्हणजे आधीचे मालक एकटेच, गाडी चालवताना ओढायचे. काचेच्या कडेला छतावर वीतभर लांब पिवळसर डाग होता, इतके दिवस मला ती कापडाची मूळ छटा वाटत होती.

छतावर साध्या पाण्याचा पिळलेला कपडा फिरवून झाल्यावर व्हिनेगर. एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, पुन्हा कपड्यावरच. निकोटीन अल्कधर्मी असतं. व्हिनेगरच्या आम्लाशी त्याचा क्षार होतो. तो क्षार हवेत उडत नाही आणि पाण्यात विरघळतो, म्हणून पुढच्या ओल्या कपड्याने निघून येतो. व्हिनेगरची वाटी गाडीत ठेवून हे होत नाही, लावून पुसूनच घ्यावं लागतं. व्हिनेगरचा स्वतःचा वास दोन दिवसांत जातो.

खाण्याच्या सोड्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळीकडे तोच सांगतात, पण सोडा आम्लाचे वास मारतो, आणि निकोटीन आम्ल नाही. कोरड्या सीटवर रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूमने ओढला तर इतर वास, घामाचे, खाण्याचे, कमी होतात. सिगारेटसाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका. ओल्या सीटवर तर टाकूच नका, सीटच्या रुळांत जाऊन पांढरा चिकट लगदा होतो.

छतानंतर काचा. आतून पुसल्या की त्याच कपड्यावर पुन्हा पिवळा थर येतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड काचेवर पसरायचा तो बंद होतो. पुढच्या काचेचा खालचा, डॅशबोर्डला टेकलेला कोपरा हाताने पोचत नाही. तिथे पट्टीला कपडा गुंडाळून घातला. डॅशबोर्डवर विक्रीच्या आधी मारलेलं पॉलिश असेल, तर ते साबणाने आधी काढा. ते चिकट्याच्या वरच बसलेलं असतं, त्यामुळे खालचा थर निघत नाही. कडक प्लॅस्टिकवर आयसोप्रोपिल अल्कोहोल फार चांगलं चालतं, पण मीटरच्या पारदर्शक काचेवर आणि टचस्क्रीनवर ते लावू नका, आणि बाकी ठिकाणीही आधी कोपऱ्यात लावून बघा. एसीच्या जाळीच्या पात्यांमधून जुना रंगाचा ब्रश फिरवा.

मग पट्टे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पट्टा आपल्या नाकापासून वीतभरावर असतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढला, वर जिथून तो बाहेर येतो तिथे मोठी बाइंडर क्लिप लावली म्हणजे आत पळत नाही, आणि बादलीत कोमट पाणी व सौम्य साबण घेऊन पट्ट्याचा फासा त्यात सोडला. अर्ध्या तासाने पाणी बघितलं तर पुसट तपकिरी, वर तेलकट तवंग. तीन पाणी बदलल्यावर ते स्वच्छ राहिलं. ब्लीच अजिबात वापरायचं नाही, पट्ट्याचे धागे कमजोर होतात, आणि तो पट्टा कुणाच्या तरी जिवासाठी आहे. क्लिप रात्रभर तशीच ठेवून पूर्ण वाळल्यावरच पट्टा आत सोडा.

सीटच्या खालची सीट

आता त्या नव्या कव्हरांची गोष्ट. दुकानाने सीट धुतल्या होत्या म्हणजे रेक्झिन पुसलं होतं. कव्हरं खालून नाड्या आणि हुकांनी बांधलेली असतात. ती मी सोडली, ड्रायव्हरच्या सीटवरून कव्हर वर ओढलं आणि दोन पावलं मागे सरले. आत गाडीचं मूळ बेज कापड होतं, मांडीच्या जागी सिगारेटने जळलेली दोन भोकं, आणि इतक्या वर्षांचा सगळा वास झाकण लावलेल्या डब्यासारखा तिथे भरून राहिलेला. जुनी गाडी घेतली आणि तिच्यावर नवी कव्हरं असतील, तर वासाचा शोध तिथूनच सुरू करा. आमच्याकडे ते उशिरा झालं.

कापडी सीट घरी ब्रशने घासून पुरत नाही. पाणी फोममध्ये जातं आणि घाणीसकट तिथेच बसतं. सोफा धुणारे घरी येतात, त्यांच्याकडे पाणी मारून लगेच ओढून घेणारं मशीन असतं. आमच्याकडे आलेल्या मुलाने सुरुवातीला विचारलं, "ताई, गाडीच्या सीटना एवढं काय?" पहिल्या फेरीची टाकी ओतल्यावर तो स्वतःच म्हणाला, "ताई, अजून दोनदा मारतो, जास्तीचे पैसे नको." 1200 रुपये घेतले त्याने, आणि सगळ्या खर्चात मला ते सगळ्यात कामी आले असं वाटतं. गालिचाही त्याच मशीनने धुऊन घेतला. एक काळजी घ्या: सीटखाली पिवळ्या प्लगची वायर दिसली तर ती एअरबॅगच्या यंत्रणेची असते, तिला हात लावू नका आणि तिच्यावर पाणी मारू नका.

हे काम एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरच्या उन्हातच करा. सीट वरून कोरडी लागते तेव्हा फोम आत ओलाच असतो. पेपर नॅपकिन जोरात दाबून धरा, ओल आली तर अजून वाळायची आहे. आम्ही दोन दिवस चारही दारं उघडी ठेवून अंगणात वाळवली, रात्री टेबल फॅन लावला. पावसाळ्यात धुतलेली सीट आठवडाभर ओली राहते आणि सिगारेटच्या जागी बुरशी घेऊन बसते.

एसी

काचा बंद, आतलीच हवा फिरतेय आणि सिगारेट पेटलेली: असं वर्षानुवर्षं झालेल्या गाडीत धूर पुन्हा पुन्हा कूलिंग कॉइलवरून गेलेला असतो. कॉइल थंड आणि ओली असते, त्यामुळे तिच्यावर तो छान चिकटतो.

आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा एसीचा फिल्टर. आमच्या गाडीत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली येतो आणि मागे आडवं झाकण दिसतं. काही जुन्या, खालच्या मॉडेलच्या गाड्यांत फिल्टर मुळातच नसतो, नुसती जागा असते, तेव्हा उघडून बघा. आमचा फिल्टर राखाडी झाला होता, घड्यांमध्ये सुकलेली पानं, आणि नाकाजवळ नेल्यावर दुसरं काही सांगायची गरज नव्हती. नवा घेताना ॲक्टिव्हेटेड कार्बनवाला, म्हणजे वास शोषून घेणाऱ्या खास कोळशाचा घ्या. मला 450 रुपयांना मिळाला. साधा कागदी फिल्टर धूळ अडवतो, वास अडवत नाही. कार्बन मात्र भरत जातो, म्हणून पहिला फिल्टर दोन महिन्यांत काढून टाकायचा, हे आधीच धरून चाला. धुण्यात सुटलेला वास तोच शोषून घेतो.

कॉइल साफ करायला फेस मारणारा फोमचा डबा मिळतो. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी फिल्टरच्या जागेतून नळी आत घालून तो मारून दिला. ब्लोअर बंद, फोम मारून वीस मिनिटं थांबायचं, मग गाडीखालच्या एसीच्या पाण्याच्या नळीतून मळकट पाणी ठिबकायला लागतं. ते थांबल्यावर काचा उघड्या ठेवून ब्लोअर पूर्ण वेगाने दहा-पंधरा मिनिटं. नवा फिल्टर त्यानंतरच बसवायचा. काकांनी एक सवयही लावून दिली: पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करायचा आणि नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल वाळते.

ओझोन मी पुन्हा केला नाही. तो उरलेल्या थोड्या वासावर चालत असेल, पण थर तसाच असताना केला तर वरवरचा वास मारतो आणि खालचा आठवड्यात वर येतो. माझे 2200 तसेच गेले. शिवाय ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, रबर खराब करतो, आणि निकोटीनशी त्याची अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यंही तयार होतात. करायचाच असेल तर सगळं धुतल्यानंतर, गाडीत कुणी नसताना, आणि नंतर तासन् तास दारं उघडी ठेवून. घरात दम्याचा माणूस असेल तर मी नकोच म्हणेन.

उरल्यासुरल्या वासाला ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या पिशव्या सीटखाली ठेवल्या. शेगडीचा साधा कोळसा त्याचं काम करत नाही, तेवढी शोषायची ताकद त्यात नसते.

मे महिन्यात सासूबाई परत साताऱ्याला आल्या. काचा बंद होत्या, एसी चालू होता, पदर खांद्यावरच होता. मला वाटलं झालं.

जुलैत चार दिवस झड लागली आणि गाडीत पुन्हा बारीकसा वास आला. एसी लावल्यावर नाही, सकाळी दार उघडल्यावर, आणि मागे बसलं की जास्त. या वेळी परफ्यूम आणायला गेले नाही, एकेका वस्तूला नाक लावत गेले. मागच्या सीटवर मधल्या माणसाचा पोटावरचा पट्टा बैठक आणि पाठीच्या खाचेत रुतून बसलेला होता. धुताना तो आमच्या लक्षातच आला नव्हता. तो ओढून काढताना बोटांना राख लागली. मग मागची बैठक पुढच्या कडेला धरून वर उचकटली, ती खटकन निघते, स्क्रूही काढावे लागत नाहीत. खाली लोखंडी पत्र्यावर पाच थोटकं, एक जळकी काडी आणि फेल्टचा एक तुकडा, धुराने तपकिरी झालेला. थोटकं टाकली, पत्रा डिटर्जंटने पुसून घेतला, फेल्ट बदलून घेतलं आणि पट्टा बादलीत घातला. त्या दिवसापासून गाडी पावसात बंद राहिली तरी आत फक्त ओल्या छत्रीचा वास येतो.